हाताची विद्या विद्यापीठात

शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकात संवाहक नावाचे एक पात्र आहे. देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणले तेव्हापासून त्यातील चारुदत्त-वसंतसेना आपल्या घरच्या माणसांसारखी झाली; हा बिचारा संवाहक मात्र फारसा कोणाच्या ध्यानात राहिलेला दिसत नाही. संवाहक म्हणजे अंग रगडून देणारा. जुगारात हरलेला हा मनुष्य सावकाराच्या भीतीने वसंतसेनेच्या घरात शिरतो. ती त्याला त्याचा धंदा विचारते, तेव्हा तो सांगतो की अंगमर्दनाची विद्या आपण शिकलो ती हौसेने, एक कला म्हणून. पुढे तीच उपजीविकेचे साधन होऊन बसली. सांगताना त्याच्या स्वरात थोडी लाज आहे. कला म्हणून जे शिकावे ते पोटासाठी विकावे लागले याची ती लाज आहे. शिवाय दुसऱ्याच्या अंगाला हात लावून पोट भरावे लागते, याचीही असावी.

आज आम्ही या व्याख्यानमालेसाठी जो विषय घेतला आहे त्यात कला आणि उपजीविका यांच्या जोडीला शास्त्र हा तिसरा शब्द येतो. सरकारी परिभाषेत ज्याला भौतिकोपचार म्हणतात आणि घरोघर ज्याला सरळ 'फिजिओ' म्हणतात, ते हे शास्त्र. बारावीच्या निकालानंतर मुलगी म्हणते, 'मला फिजिओथेरपी करायची आहे,' आणि वडीलधारी मंडळी विचारतात, 'अगं, मालीश शिकायला विद्यापीठात साडेचार वर्षे कशाला हवीत?' हा प्रश्न हसण्यावारी नेणारे लोक आम्हाला आवडत नाहीत. प्रश्न रास्त आहे. जी विद्या शेकडो वर्षे तालमीत, न्हाव्याच्या हातात आणि हाडवैद्याच्या ओसरीवर सुखाने नांदली, तिला विद्यापीठाची पायरी चढण्याची गरज का पडावी? याचे उत्तर तर्काने देता येणार नाही. ते इतिहासातच शोधावे लागते.

प्रथम आपल्या घरचे पाहू. गावोगावच्या तालमींत मालिशीची विद्या होती आणि ती हलक्या दर्जाची नव्हती. कोणता पेच केल्यावर कोणती शीर धरते, खांदा निखळला तर तो कोणत्या बाजूने फिरवून बसवावा, मुरगळलेल्या पायाला शेक केव्हा द्यावा आणि केव्हा देऊ नये, हे जाणणारे वस्ताद होते. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न माणिकराव यांची कीर्ती व्यायामाइतकीच हाडे बसविण्याबद्दलही होती, आणि दूरदूरचे लोक त्यांच्याकडे मोडके हातपाय घेऊन जात. बडोद्यातूनच दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी 'व्यायामज्ञानकोशा'चे दहा खंड मराठीत काढले. तेव्हा हे ज्ञान लिहून ठेवावे, पुढच्या पिढीच्या हाती द्यावे, ही जाणीव आपल्याकडे नव्हती असे कोणी म्हणू नये.

परंतु या परंपरेत दोन उणिवा होत्या. वस्तादाचा हात गुणी असे, पण त्याच्याकडे हिशेब नसे. ज्याला गुण आला तो नारळ घेऊन परत येई आणि चार जणांना सांगे. ज्याचा हात जन्माचा वाकडा राहिला तो परत येत नसे, आणि म्हणून वस्तादाच्या आठवणीतही राहत नसे. अपयशाची मोजदाद झाल्यावाचून विद्या पुढे सरकत नाही. दुसरी उणीव वस्तादाची नव्हे, आपल्या समाजाची. परक्याच्या अंगाला हात लावण्याचे काम कोणत्या जातीने करावयाचे हे आपण ठरवून टाकले होते. जो पंडित शरीराविषयी ग्रंथ वाचत होता त्याचा हात शरीराला लागत नव्हता, आणि ज्याचा हात लागत होता त्याच्यापुढे ग्रंथ कोणी उघडला नाही. पोथी आणि हात यांची अशी ताटातूट झाल्यावर दोघेही जागच्या जागी थांबले तर नवल नाही.

युरोपात ही गाठ प्रथम पडली ती स्वीडनमध्ये. पेर हेन्रिक लिंग हा तेथील तलवारबाजीचा शिक्षक. व्यायामाने आपले स्वतःचे दुखणे सुधारले असा त्याचा अनुभव. १८१३ साली स्टॉकहोममध्ये राजाश्रयाने त्याने व्यायामाची मध्यवर्ती संस्था काढली आणि शाळेची कवायत, लष्करी व्यायाम यांच्या बरोबरीने रोग्यांसाठी व्यायाम हाही शिक्षणाचा एक विभाग केला. महत्त्वाची गोष्ट अशी की लिंगच्या विद्यार्थ्याला शरीररचना शिकावी लागे. कोणता स्नायू कोठून निघतो, कोठे चिकटतो, हे ठाऊक असल्याखेरीज त्याला रोग्याचा हात धरता येत नसे. तेथे येणारे पुष्कळसे लोक लष्करी अधिकारी, बड्या घरचे तरुण. त्यामुळे त्या देशात हे काम हलके समजले गेले नाही. १८६४ पासून स्त्रियांनाही या संस्थेत प्रवेश मिळू लागला, आणि १८८७ मध्ये स्वीडनच्या शासनाने या व्यायामोपचारकांची अधिकृत नोंदणी सुरू केली. 'रोग्यांचा व्यायामशिक्षक' अशा अर्थाची त्यांची जुनी पदवी २०१४ पर्यंत चालू होती. त्यानंतर तीही जाऊन जगभराप्रमाणे तेथेही 'फिजिओथेरपिस्ट' हा शब्द आला. आम्हाला जुना शब्द अधिक गोड वाटतो. पण शब्दांच्या बाबतीत आमचे ऐकतो कोण!

स्वीडिश डॉक्टरांना हे लोक रुचले नाहीत. वैद्यकाची पदवी नसताना हे रोग्याला काय झाले आहे ते ठरवितात, हा त्यांचा आक्षेप. ही तक्रार दोनशे वर्षांची आहे हे ध्यानात ठेवावे, कारण ती अद्यापि मिटलेली नाही.

आता १८९४ साल आणि लंडन शहर. त्या वर्षी ब्रिटिश डॉक्टरांच्या प्रसिद्ध साप्ताहिकाने शहरातील मालिशीच्या दुकानांविषयी एक खळबळजनक प्रकरण उजेडात आणले. मालिशीच्या पाटीआड दुसरेच व्यवहार चालतात, पैसे घेऊन खोटी प्रमाणपत्रे दिली जातात आणि तरुण मुली कर्जाच्या जाळ्यात सापडून या मार्गाला लागतात, असा त्याचा आशय होता. सरसकट सगळा धंदाच बदनाम झाला. या वेळी चार परिचारिका पुढे आल्या: लूसी रॉबिन्सन, रोझलिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅन्ली आणि मार्गारेट पामर. त्यांनी 'प्रशिक्षित मर्दनकर्त्या स्त्रियांची संस्था' स्थापन केली. आपल्या विद्येवरील डाग पुसावयाचा तर सभा भरवून निषेध करून भागणार नाही. परीक्षा घ्यावी लागेल, नोंदवही ठेवावी लागेल आणि नियम स्वतःवर लादून घ्यावे लागतील, हे त्यांनी ओळखले.

ते नियम पाहण्यासारखे आहेत. डॉक्टरच्या सांगण्याखेरीज कोणावरही उपचार करावयाचा नाही. पुरुष रोग्याला, अपवाद वगळता, हात लावावयाचा नाही. सामान्य वृत्तपत्रात जाहिरात द्यावयाची नाही. रोग्याला औषधे विकावयाची नाहीत. आज हे नियम वाचताना, विशेषतः पहिला, कोणाला कमीपणाचा वाटेल. परंतु त्या काळी एकट्या स्त्रीने परक्याच्या घरी जाऊन अंगाला हात लावून मानाने पोट भरावयाचे तर याहून भक्कम तटबंदी दुसरी कोणती होती? आमच्या मते त्या चौघींनी नाइलाजाने केलेला हा सौदा शहाणपणाचा होता. मात्र तटबंदी रक्षण करते तशी कोंडूनही ठेवते. 'डॉक्टर सांगेल तेवढेच करणारी' ही प्रतिमा या व्यवसायाला पुढे ऐंशीएक वर्षे चिकटून राहिली. १९७७ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य खात्याने परिपत्रक काढले आणि कोणता उपचार, किती दिवस, हे ठरविण्याची मोकळीक त्यात भौतिकोपचारकांना दिली. तेव्हा कोठे ती तटबंदी खुली झाली.

संस्थेला खरे बळ दिले ते १९१४ च्या महायुद्धाने. असे म्हणताना बरे वाटत नाही, पण शस्त्रक्रियेच्या बाबतीत जे खरे आहे ते येथेही खरे आहे. गोळीने मज्जातंतू तुटलेले, हात आखडलेले, पाय कापलेले हजारो तरुण आघाडीवरून परत येऊ लागले. जखम भरून आली म्हणजे डॉक्टरचे काम संपत असे. पण भरलेल्या जखमेखालचा हात चमचा धरू शकत नव्हता. आल्मेरिक पॅजेट नावाच्या धनिकाने व त्याच्या पत्नीने प्रशिक्षित मर्दनकर्त्या स्त्रियांचे पथक उभारले आणि ते लष्करी रुग्णालयांत काम करू लागले. युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांनाही याच सुमारास ही विद्या शिकविण्यात आली. आंधळ्या माणसाने शरीररचना शिकावयाची ती बोटांनी, हाडे हातात घेऊन. आणि परीक्षा द्यावयाची ती डोळस मुलींच्या बरोबरीने. ते उत्तीर्ण झाले आणि रुग्णालयांत नोकरीला लागले. 'ही विद्या हातात असते की डोक्यात?' असे आम्हाला कोणी विचारले तर या अंध सैनिकांकडे आम्ही बोट दाखवू. त्यांची बोटे चांगली होती हे खरेच. पण त्या बोटांखाली काय आहे याचा नकाशा त्यांच्या डोक्यात होता म्हणून ती कामाची ठरली.

अमेरिकेनेही १९१७-१८ मध्ये सैनिकांसाठी 'पुनर्रचना साहाय्यक' स्त्रियांचे पथक काढले. त्यांना तयार करण्याचा सर्वांत मोठा वर्ग ऑरेगॉन प्रांतातील रीड महाविद्यालयात भरला, आणि तेथे शिकवावयास होती मेरी मॅकमिलन. अमेरिकेत जन्मलेली, इंग्लंडात शिकलेली ही बाई. १९२१ मध्ये तिने अमेरिकेतील आपल्या सहव्यवसायी स्त्रियांची संघटना बांधली व तिची पहिली अध्यक्षा झाली. त्याच वर्षी तिचे मर्दन व उपचारात्मक व्यायामावरील पुस्तकही निघाले. पुढे ती चीनमध्ये शिकवावयास गेली. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या हाती सापडून मनिलाच्या नजरकैदेत पडली, आणि तेथेही इतर कैद्यांवर उपचार करीत राहिली. इकडे ब्रिटनमध्ये १९२० साली संस्थेला राजसनद मिळाली. १९४४ मध्ये तिने आपल्या नावातून 'मर्दन' हा शब्द काढून 'फिजिओथेरपी' हा शब्द घेतला.

हे सगळे झाले तरी विद्यापीठाची गरज अजून सिद्ध झालेली नाही, असे चिकित्सक वाचक म्हणेल. परीक्षा आणि प्रमाणपत्र यांवर काम भागत होतेच की! ते भागेनासे झाले पोलिओमुळे. येथे थोडे थांबावे लागेल.

पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील ज्या पेशी स्नायूंना हुकूम पोचवितात त्यांच्यावर हल्ला करतो. मूल तापाने फणफणते, आणि ताप उतरतो तेव्हा पाय लुळा झालेला असतो. पण पायात एकच स्नायू नसतो. त्यातले कोणते गेले, कोणते अर्धे उरले, कोणते शाबूत आहेत? 'पाय अधू झाला' एवढे म्हणणे म्हणजे 'घरात चोरी झाली' म्हणण्यासारखे आहे. काय गेले आणि काय राहिले याची यादी केल्याखेरीज पुढचा संसार मांडता येत नाही. बोस्टनचे अस्थितज्ज्ञ रॉबर्ट लव्हेट आणि त्यांच्या सहायिका विल्हेल्मिन राइट यांनी १९१० नंतरच्या दशकात ही यादी करण्याची रीत बसविली. फ्रँकलिन रूझवेल्ट यांना १९२१ साली पोलिओ झाल्याचे निदान केले ते याच लव्हेटांनी.

पुढे अनेक हातांतून जाऊन ती रीत आज शून्य ते पाच अशा अंकांत स्थिर झाली आहे. स्नायूत काहीच हालचाल नाही, तो शून्य. स्नायूवर बोट ठेवले असता नुसती फुरफुर लागते, पण अवयव हलत नाही, तो एक. अवयवाचे वजन टेबलावर पेलून धरले तर तो घसरत सरकतो, तो दोन. स्वतःचे वजन स्वतः उचलतो, तो तीन. वर थोडा दाब दिला तरी टिकतो, तो चार. पुरता जोर सहन करतो, तो पाच. ऐकावयास हे शाळेतील गुणांसारखे सोपे वाटते. खरी गोम निराळीच आहे. मूल लबाड असते, म्हणजे त्याचे शरीर लबाड असते. खांदा वर उचलणारा स्नायू गेला असला तरी मूल हात वर केल्यासारखे दाखविते: खवाटा वर ओढते, धड विरुद्ध बाजूला कलते करते, आणि हात थोडा वर गेलेला दिसतो. आई म्हणते, 'बघा, उचलला!' तिला कोण दुखविणार? पण जिला शरीररचना नीट ठाऊक आहे ती उपचारिका एका हाताने खवाटा दाबून धरते आणि दुसऱ्या हाताची बोटे नेमकी त्या मृत स्नायूवर ठेवते. तेथे काही नाही हे तिला कळते. ही चोरटी हालचाल ओळखता आली नाही तर महिनोन् महिने भलत्याच स्नायूला व्यायाम होत राहतो. येथे वस्तादाचा अनुभव अपुरा पडतो, कारण शाबूत शरीराचा अनुभव त्याच्याकडे मुबलक असतो, पण सुट्या सुट्या स्नायूंचा हिशेब त्याने कधी मांडलेला नसतो.

याच पोलिओच्या प्रकरणात उलटा धडाही मिळाला. ऑस्ट्रेलियाच्या रानावनात काम करणारी एलिझाबेथ केनी ही परिचारिका रीतसर शिकलेली नव्हती. त्या काळी पोलिओ झालेल्या मुलाचे हातपाय फळ्यांत किंवा प्लॅस्टरमध्ये महिनोन् महिने आवळून ठेवीत. केनीने तसे केले नाही. लोकरी कांबळ्याचे तुकडे उकळत्या पाण्यातून काढून, घट्ट पिळून ती दुखऱ्या स्नायूंवर ठेवी आणि वेदना कमी होताच हलकेच हालचाल सुरू करी. १९३८ मध्ये क्वीन्सलंडच्या चौकशी मंडळाने तिच्याविरुद्ध अहवाल दिला. १९४० साली ती अमेरिकेला गेली, आणि मिनियापोलिस येथे डॉक्टरांनी स्वतःच्या डोळ्यांनी तिचे काम पाहिल्यावर वारे फिरले. फळ्या आणि प्लॅस्टर मागे पडले, मुले लवकर हिंडू-फिरू लागली.

केनीचा हात बरोबर होता; पण ती त्याचे जे कारण सांगे ते चूक होते. पोलिओचा आजार मुळात स्नायूंच्या आकसण्याचा आहे असा तिचा आग्रह, आणि तो शास्त्राला धरून नव्हता. तेव्हा पंडितांनी एका निरक्षर हाताचा छळ केला, असे या कथेचे तात्पर्य काढणारे अर्धेच सांगतात, आणि अडाण्याच्या हट्टापुढे शास्त्र नमले म्हणणारेही अर्धेच. पुस्तकातले निदान बरोबर आणि उपचार चूक. केनीचा उपचार बरोबर आणि निदान चूक. दोन्ही एका ठिकाणी आणावयाची तर उपचार करणाऱ्यालाच कारणांचा शोध घेण्याचे शिक्षण द्यावे लागते. प्रमाणपत्राच्या वर्गात 'असे करा' शिकवितात, 'असे का?' विचारण्याची सवय लावणारी जागा वेगळी असते. न्यूझीलंडमधील ओटागो येथे १९१३ पासूनच विद्यापीठाच्या आश्रयाने मर्दनविद्येचे वर्ग सुरू झाले होते. इंग्लंडने मात्र पदवीला फार वेळ लावला. ब्रिटिश राज्यातील पहिला पदवी-वर्ग १९७६ मध्ये उत्तर आयर्लंडात अल्स्टर येथे निघाला, आणि १९९० नंतरच्या काही वर्षांत पदवीखेरीज या व्यवसायात प्रवेश नाही असे ठरले.

आता मुंबईकडे वळू. आपल्याकडेही ही विद्या आली ती पोलिओचे बोट धरून. फातमा इस्माइल या स्वातंत्र्य चळवळीतील बाई. त्यांच्या मुलीला पोलिओ झाला आणि उपचारासाठी त्यांना देशभर वणवण करावी लागली. आपल्या मुलीसाठी जे मिळविले ते इतरांच्या मुलांनाही मिळावे म्हणून त्यांनी १९४७ साली मुंबईत अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था उभी केली. तीतूनच हाजीअलीचे मुलांचे अस्थिरोग रुग्णालय निघाले. दुसरे नाव कमलाबाई निंबकरांचे. या जन्माने अमेरिकन. निंबकरांच्या घरात सून म्हणून आल्या आणि इथल्याच झाल्या. अमेरिकेत जाऊन त्या व्यवसायोपचार शिकून आल्या आणि १९५० मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात त्यांनी त्या विद्येचे विद्यालय सुरू केले. फलटणच्या 'कमला निंबकर बालभवना'मुळे त्यांचे नाव आजही आपल्या कानावर असते. याच केईएममध्ये १९५२-५३ च्या सुमारास मुंबई सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना या तिघांच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे विद्यालय निघाले. हिंदुस्थानातील या विषयाच्या शिक्षणाचा तो प्रारंभ. १९५५ मध्ये भौतिकोपचारकांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, आणि त्याच वर्षी हाजीअलीजवळ केंद्र सरकारची पुनर्वसन संस्थाही उभी राहिली. एका शहरात, आठ-नऊ वर्षांच्या आत, एवढे घडले. त्यात दोन स्त्रियांचा वाटा केवढा होता हे सांगावयास आम्ही विसरू इच्छीत नाही.

दक्षिणेत वेल्लोरला याच काळात महारोग्यांच्या हातांवर काम चालले होते. डॉ. पॉल ब्रँड यांनी पाहिले की महारोगाने बोटे वाकडी झाली तरी कोपराखालचे काही स्नायू शाबूत राहतात. त्यांतील एखाद्या स्नायूची दोरी सोडवून ती लुळ्या बोटांकडे नेऊन शिवावयाची, अशी शस्त्रक्रिया त्यांनी बसविली. पण शस्त्रक्रिया झाली म्हणजे हात चालू लागतो असे नाही. जो स्नायू जन्मभर एक बोट वाकवीत आला त्याला आता दुसरेच काम करावयाचे असते, आणि मेंदूला त्याचा पत्ता नसतो. मग भौतिकोपचारक रोग्याजवळ बसतो आणि म्हणतो, 'तुमची पूर्वीची हालचाल करा.' रोगी जुनी हालचाल करावयास जातो आणि त्याच्या डोळ्यांदेखत नवीच हालचाल होते. हे दिवसातून शेकडो वेळा, आठवड्यामागून आठवडे करावे लागते. शस्त्रवैद्याचे नाव होते, तसे ते व्हावयासही हवे. पण घास तोंडापर्यंत नेणारा हात त्या आठवड्यांत घडतो. ज्या काळी महारोग्याच्या सावलीलाही लोक भीत, त्या काळी त्याचा हात आपल्या हातात तासन् तास धरून बसणारी ही माणसे होती.

ज्या रोगाने ही विद्या मोठी केली तो रोग मात्र गेला. १२ एप्रिल १९५५ रोजी साल्क यांची लस यशस्वी झाल्याचे जाहीर झाले. भारतातील शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला, आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. आपले कारणच नाहीसे झाल्यावर धंदा बसावयास हवा होता. तो बसला नाही, कारण पोलिओसाठी कमावलेली दृष्टी पक्षाघाताला लागू पडली, गुडघ्याच्या सांध्याला लागू पडली, छातीच्या विकारांना लागू पडली. २०२० च्या करोनाच्या साथीत अतिदक्षता विभागात रोग्याला पालथे निजविणे, कफ सुटावा म्हणून धडपडणे, महिनाभर अंथरुणाला खिळलेल्याला पुन्हा पायांवर उभे करणे, ही कामे या मंडळींनीही केली. त्यांची छायाचित्रे फारशी छापली गेली नाहीत.

तेव्हा त्या मुलीला चार-साडेचार वर्षे काय शिकवितात ते आता सांगता येईल. पहिल्या वर्षी मृत देहावर शरीररचना आणि शरीरक्रियेचे ज्ञान. त्यानंतर हालचालींचे यंत्रशास्त्र: सांधा ही तरफ कशी, जिना उतरताना गुडघ्यावर भार का वाढतो, काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात का धरावी. (ही काठी चुकीच्या हातात धरलेले ज्येष्ठ नागरिक आपल्या सभागृहातही दिसतात, त्यांनी घरी जाऊन हात बदलून पाहावा.) मग वीज, उष्णता, ध्वनिलहरी यांचे उपचार, रोगांचे ज्ञान, आणि शेवटी रुग्णालयात अस्थिरोग, मज्जारोग, हृदय व फुप्फुसे यांच्या विभागांत प्रत्यक्ष काम. अखेरीस उमेदवारी. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये निघाल्यापासून महाराष्ट्रातील हे शिक्षण बहुतांशी त्याच्या छत्राखाली आहे. २०२१ मध्ये संसदेने या व इतर आरोग्यव्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, आणि आयोगाने २०२५ मध्ये आखलेल्या नव्या अभ्यासक्रमात वर्षभराच्या उमेदवारीसह पाच वर्षांची मुदत ठरविली आहे.

त्याच अभ्यासक्रमाने नावामागे 'डॉक्टर' लावण्याची वाट मोकळी केली आणि जुना स्वीडिश वाद नव्याने पेटला. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ही उपाधी लावू नये असे पत्र काढले आणि लगेच मागेही घेतले. आमचे मत विचाराल तर या उपाधीच्या भांडणात दोन्ही पक्ष जेवढी शक्ती घालवितात तिच्या दशांशाने तरी गावोगावच्या बोगस पाट्या उतरविता आल्या असत्या. आठ दिवसांचा वर्ग करून 'फिजिओ' म्हणविणारे लोक आहेत. १८९४ च्या लंडनमधल्या खोट्या प्रमाणपत्रांची ती नवी आवृत्ती आहे. महाराष्ट्रात भौतिकोपचार व व्यवसायोपचार यांची राज्य परिषद कायद्याने स्थापन झालेली आहे, तेव्हा उपचारकाला नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगण्याचे काही कारण नाही.

राहता राहिला उपजीविकेचा प्रश्न. पदवी हातात पडल्याबरोबर भरपूर पगार मिळेल असे कोणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पहिली काही वर्षे खासगी रुग्णालयांतील वेतन शिक्षणाच्या मानाने तोकडेच असते. पुष्कळ जण म्हणूनच परदेशाची वाट धरतात. ज्यांचा हात बसतो आणि माणसांशी गोडीने बोलण्याची हातोटी असते, त्यांना आपल्या गावात स्वतःचा दवाखाना चालविता येतो. विद्यालय निवडताना इमारतीची काच आणि यंत्रांची यादी पाहून हरखून जाण्यापेक्षा पालकांनी साध्या गोष्टी विचाराव्यात: विद्यालयाला स्वतःचे चालते रुग्णालय आहे काय, बाह्यरुग्ण विभागात रोज किती रोगी येतात, तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला त्यांतले किती येतात, आणि मृत देहाच्या एका टेबलाभोवती किती मुले उभी राहतात. शक्य तर पक्षाघाताच्या विभागात तासभर बसण्याची परवानगी मागावी आणि मुलीलाही बरोबर न्यावे. तेथे पन्नाशीचा एखादा मनुष्य पेला उचलून तोंडाला लावण्याचा अठरावा प्रयत्न करीत असेल, आणि त्याच्या मनगटाखाली हात धरून बसलेली विशीतली विद्यार्थिनी एकोणिसाव्यासाठी पेला पुन्हा जागेवर ठेवीत असेल. ते पाहून मुलीला कंटाळा येतो की तिची खुर्ची आपोआप पुढे सरकते, एवढे पालकांनी पाहून घ्यावे.